स्प्रिंग की गॅस-रॅम? पहिली एअर रायफल निवडताना

२०२४च्या ऑगस्टमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि दिवाळीपर्यंत आमच्या ओळखीच्या तीन घरांत एअर रायफल आली. तिन्हीपैकी दोन गॅस-रॅमच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या. ‘नवीन टेक्नॉलॉजी आहे, स्प्रिंगची कटकट नाही,’ एवढ्या एका वाक्यावर त्या विकल्या गेल्या. त्यातली एक आज माळ्यावर आहे. ज्या मुलासाठी घेतली तो चौदा वर्षांचा, अंगाने बारीक. त्याला ती कॉक करता येईना, म्हणजे सांध्यातून नळी खाली वाकवून (हिलाच ‘नळी मोडणं’ म्हणतात) झाडायला तयार करता येईना. बाबांनी कॉक करून द्यायची आणि याने नेम धरायचा, असं चार रविवार चाललं. पाचव्या रविवारी बाबा गावाला गेले आणि तिथेच सगळं थांबलं.

मला याचं फार वाईट वाटतं. मुलाला नेमबाजीची गोडी होती; रायफलच चुकीची निवडली गेली. म्हणून पहिली रायफल घेण्याआधी काय बघायचं, ते सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा: झाडणार कुठे आणि कशावर?

दुकानात जायच्या आधी घरी बसून याचं उत्तर काढा. गच्चीवर किंवा अंगणात १० मीटरवर कागदी टार्गेट लावून सराव करायचा असेल तर ती एक गरज. शेतावर ३०-४० मीटरवर डबे, लोखंडी टार्गेट पाडायची असतील तर दुसरी. मुलाला शाळेच्या स्पर्धांत ओपन साइट (दुर्बिणीशिवाय, रायफलवरच्या साध्या खाच आणि माशीतून नेम धरायचा) एअर रायफल प्रकारात उतरवायचं असेल तर तिसरी, आणि तेव्हा आधी जवळच्या शूटिंग क्लबच्या प्रशिक्षकाशी बोला, मगच पैसे मोजा.

एक गोंधळ इथेच दूर करतो. कुसाळेंचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून झाडायच्या प्रकारातलं आहे. ती पॉइंट टू-टूची काडतुसाची रायफल, एअर रायफल नव्हे. अभिनव बिंद्राचं २००८चं सुवर्ण किंवा ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं २०२२चं जागतिक विजेतेपद हे १० मीटर एअर रायफलचं. पण तिथे जी रायफल वापरतात तिच्यात सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेली हवा असते. तिला प्रत्येक वेळी ताकद लावून कॉक करावं लागत नाही आणि धक्का जवळपास जाणवत नाही. ती लाखांच्या घरातली गोष्ट आहे. आपण बोलतोय ते साध्या, एकदा नळी मोडली की एक छर्रा सुटणाऱ्या रायफलबद्दल. स्प्रिंग आणि गॅस-रॅम, दोन्ही याच घराण्यातल्या.

आणि पक्ष्यांचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गुन्हा आहे, हत्यार छऱ्याचं असलं तरी. अरुणाचल प्रदेशात २०२१पासून लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम चालली, कारण याच बंदुकांनी तिथली जंगलं पाखरांवाचून सुनी होत चालली होती. विदर्भातल्या आमच्या तळ्यांवर हिवाळ्यात उतरणारे थवे बघितलेत तर यावर वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आत काय चालतं ते समजून घ्या

सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. पुढचं भोक बोटाने दाबून दांडा जोरात ढकलला तर हवा दबते आणि बोट उडवते. एअर रायफलमध्ये तो दांडा म्हणजे पिस्टन, आणि बोटाच्या जागी छर्रा. पिस्टनला ढकलणारी ताकद कुठून येते, एवढाच काय तो दोघींतला फरक.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टनच्या मागे पोलादी तारेची जाड स्प्रिंग असते. तुम्ही नळी खाली मोडता तेव्हा ती दाबली जाते आणि चापाच्या खाचेत अडकते. चाप ओढला की सुटते. गॅस-रॅममध्ये स्प्रिंगच्या जागी बंद नळकांडं असतं, त्यात दाबून भरलेला वायू, बहुधा नायट्रोजन. चारचाकीच्या डिकीचं झाकण उचलून धरणारा दांडा बघितलाय ना? तेच तत्त्व, फक्त दाब बराच जास्त.

गॅस-रॅम तशी फार नवीनही नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड थिओबाल्ड आणि बेन टेलर या दोघांनी १९८०च्या दशकात ती बाजारात रुळवली. त्यांच्या नावांवरूनच कंपनीचं नाव थिओबेन पडलं. तिथे शेताची नासाडी करणारे ससे मारणं कायदेशीर आहे, आणि सशाची वाट बघत माणूस तासन्‌तास कॉक केलेली रायफल घेऊन बसतो. स्प्रिंग इतका वेळ दाबून ठेवली तर हळूहळू बसते, तिचा जोर कमी होतो. वायूला तसं होत नाही. ‘कितीही वेळ कॉक करून ठेवा’ ही गॅस-रॅमची सगळ्यात मोठी जाहिरात या शिकारीच्या गरजेतून आलेली आहे. कागदावर सराव करणारा माणूस रायफल कॉक करतो, छर्रा घालतो आणि अर्ध्या-एक मिनिटात झाडतो. त्याला या गुणाचा उपयोग शून्य. शिवाय भरलेली, कॉक केलेली रायफल घरात ठेवणं हा जिवाशी खेळ आहे. तेव्हा दुकानदाराने हा मुद्दा पुढे केला की शांतपणे बाजूला ठेवा.

मग गॅस-रॅमचे खरे फायदे कोणते? आहेत, आणि ते मी मनापासून मान्य करतो. स्प्रिंग सुटताना स्वतःभोवती किंचित पिळते, तो पीळ रायफललाही जाणवतो; वायूला पीळ नाही. स्प्रिंग सुटल्यावर थरथरते, गालाला ‘टर्रर्र’ असं काहीतरी लागतं. गॅस-रॅम ‘ठप्’ करून थांबते. पिस्टन लवकर पुढे जातो, त्यामुळे चाप ओढल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंतचा वेळ थोडा कमी. पोलादी स्प्रिंग नसल्याने वजनही जरा कमी. ग्रीसमध्ये घोळलेली, नीट बसवलेली स्प्रिंगही जवळपास तितकीच शांत चालते. पण कारखान्यातून तशी आलेली स्वस्त रायफल मला क्वचितच दिसली आहे.

आता उणी बाजू. गॅस-रॅमचा धक्का लहान पण तीक्ष्ण असतो, टाचेने लाथ मारल्यासारखा. स्वस्त स्कोप (नेम धरायची दुर्बीण) त्याने लवकर खिळखिळा होतो. आणि दुसरी गोष्ट तापमानाची. बंद नळकांड्यातल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो. नागपुरात जानेवारीच्या सकाळी १२ अंश असतात, मे महिन्यात संध्याकाळीसुद्धा ४२. हिशेब केला तर दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. १० मीटरवर याने छऱ्याच्या जागेत मिलिमीटरभरही फरक दिसणार नाही. ४० मीटरवर मात्र दीड सेंटिमीटरच्या आसपास छर्रा वर लागू शकतो. त्याहून आधी तुमच्या दंडाला कळतं, कारण कॉक करणंही तेवढंच जड होतं. स्प्रिंगला उन्हाचा हा त्रास जवळपास नाही. थंडीत ग्रीस घट्ट होऊन वेग जरा कमी होतो, एवढंच.

दुकानात: आधी दंड, मग डोळा

लोक रायफल खांद्याला लावून बघतात, स्कोपमधून समोरच्या दुकानाची पाटी वाचतात आणि खूश होतात. ते शेवटी करा. आधी कॉक करून बघा.

पद्धत अशी. रायफलचा कुंदा मांडीवर किंवा कमरेला टेकवा, नळीचं टोक तळहाताने धरा, आणि एका दमात खाली ओढा, खाचेत अडकल्याचा आवाज येईपर्यंत. मध्यम ताकदीच्या रायफलला टोकाशी साधारण १४ ते १८ किलोचा जोर लागतो. स्प्रिंग आणि गॅस-रॅम हाताला वेगळ्या लागतात. स्प्रिंग सुरुवातीला सोपी असते आणि दाबत जाल तशी जड होते. जड भाग येतो तेव्हा नळी खाली आलेली असते, तरफेचा फायदा मिळतो. गॅस-रॅम पहिल्या इंचापासूनच पूर्ण जोर मागते. बारीक हातांना, लहान मुलांना आणि खांद्याचं दुखणं असलेल्यांना अडचण येते ती इथेच. माळ्यावरच्या त्या रायफलची कहाणीही हीच.

एकदा कॉक करून भागत नाही. दुकानदाराला विनंती करा, त्याच्याकडे छर्रे झेलणारी पेटी असेल तर दहा छर्रे झाडू द्या. अकराव्या वेळी हात थरथरत असेल तर ती रायफल तुमची नाही. नेमबाजी शिकायची तर एका बैठकीला पन्नास-साठ छर्रे झाडावे लागतात, आणि थरथरत्या हाताने झाडलेला छर्रा काहीच शिकवत नाही. मी स्वतः पहिल्यांदा भारी ताकदीची रायफल घेतली होती. पंचविसाव्या छऱ्यानंतर माझं ग्रुपिंग (कागदावर छर्रे एकमेकांच्या किती जवळ लागतात ते) पसरत जायचं आणि मी मात्र दोष छऱ्यांच्या डबीला द्यायचो.

दुकानात एक गोष्ट अजिबात करू नका: छर्रा न घालता चाप ओढणे. पुढे हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन थेट लोखंडावर आदळतो, त्याच्या तोंडावरचा हवा अडवणारा वॉशर फाटतो. दोन्ही प्रकारांना हे लागू आहे. आणि नळी मोडलेली असताना छर्रा बसवायचा तेव्हा दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा, बोट चापापासून लांब. खाच सुटली तर नळी जोरात मिटते आणि मध्ये सापडलेलं बोट तुटू शकतं.

खोक्यावरच्या वेगावर जाऊ नका

‘हजार फूट’, ‘बाराशे फूट’ असे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतात. सेकंदाला हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. हे आकडे बहुतेक वेळा फार हलक्या, शिसं नसलेल्या छऱ्यांवर काढलेले असतात. ०.५१ ग्रॅमचा नेहमीचा शिशाचा छर्रा खरोखर त्या वेगाने गेला असता तर ऊर्जा २३ जूलच्या पुढे गेली असती. आणि इथे कायदा येतो: भारतात आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आणि २० जूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. यातलं एक जरी ओलांडलं तर परवाना लागतो. ०.५१ ग्रॅमच्या छऱ्यासाठी २० जूल म्हणजे सेकंदाला साधारण २८० मीटर.

पण तिथपर्यंतही जायची गरज नाही. इंग्लंडमध्ये विनापरवाना एअर रायफलची मर्यादा सोळा जूलच्या थोडी वर आहे, आणि त्याच ताकदीवर तिथले लोक ५० मीटरपर्यंतच्या फील्ड टार्गेट स्पर्धा खेळतात. कागदावर १० मीटरला सराव करायचा असेल तर दहा-बारा जूलची रायफल पुरून उरते, आणि ती कॉक करायलाही हलकी. ताकद जितकी जास्त तितका धक्का जास्त, तितकं शिकणं अवघड.

कोणी ‘जाड स्प्रिंग बसवून देतो, पॉवर वाढेल’ म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. मर्यादा ओलांडली की विनापरवाना हत्यार बाळगल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो तुमच्या नावावर असतो, मेकॅनिकच्या नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा देऊन पक्कं बिल घ्या आणि त्या बिलाची प्रत रायफलच्या पिशवीतच ठेवा. मुलासाठी घेत असाल तर बिल मोठ्या माणसाच्या नावावर. रस्त्याने नेताना रायफल कायम पिशवीत, रिकामी.

दुरुस्ती कोण करणार?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. माझ्या निवडीत मात्र सगळ्यात जड पारडं याचंच आहे. स्प्रिंग मोडली किंवा बसली तर रायफल हळूहळू सांगते: आवाज खरखरीत होतो, छर्रा खाली लागायला लागतो, पण ती चालत राहते. नवी स्प्रिंग स्वस्त मिळते, आणि आपल्याकडे लहान शहरांतही एखादा जुना बंदूक-मिस्त्री ती बसवून देतो. स्वतः उघडायचा मोह मात्र शिकल्याशिवाय नको. आत बसवलेली स्प्रिंगसुद्धा आधीच थोडी दाबलेली असते, आणि मागचा बूच सुटला तर तो तोंडावर येतो. दाबून धरणारा शिकंजा लागतो.

गॅस-रॅम गळायला लागली की बहुतेक मॉडेलांत दुरुस्ती नसतेच. पूर्ण नळकांडं बदलावं लागतं. ते तुमच्या मॉडेलचं, तुमच्या शहरात, तुम्हाला हवं तेव्हा मिळेल का, हे घेण्याआधी विचारा. ‘मागवून देऊ’ हे उत्तर पुरेसं नाही. सुटा भाग आज दुकानात आहे का, किंमत किती, हे विचारा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिली रायफल, १० मीटर, घरात दोन-तीन जण वापरणार, त्यात मुलं: मध्यम ताकदीची स्प्रिंगची घ्या, ओपन साइटसह. गॅस-रॅम घ्या ती तेव्हा, जेव्हा वर्ष-दोन वर्षं स्प्रिंगवर हात बसलेला आहे, झाडणारा एकटा आणि धट्टाकट्टा आहे, अंतर ३० मीटरच्या पुढचं आहे आणि सुटे भाग मिळण्याची खात्री आहे. त्या माणसाला ती आवडेल, आणि रास्तच आवडेल.

घरी आणल्यावर: धरायचं कसं

स्प्रिंग असो की गॅस-रॅम, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलायला लागते. पिस्टन पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते. मग पिस्टन हवेच्या उशीवर थांबतो आणि रायफल पुढे झेपावते. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास घडतं. तुम्ही तिला घट्ट आवळून धरलंत तर दर वेळी आवळण्याचा जोर थोडा वेगळा असतो, आणि छर्रा दर वेळी वेगळीकडे जातो. नव्या माणसाचा छर्रा सैरावैरा जातो तो नेम चुकतो म्हणून नाही, मुठीमुळे.

डावा तळहात उघडा ठेवा, जणू ताट धरलंय. रायफल त्यावर नुसती टेकू द्या, बोटं वर वळवू नका. उजव्या हाताचा अंगठा कुंद्याला वेढू नका, बाजूला आडवा ठेवा. कुंदा खांद्याला दाबू नका, लागला की पुरे. मग चाप हळूहळू दाबत न्या आणि रायफलला जशी उडायची तशी उडू द्या. तळहात रोज त्याच जागी यावा म्हणून कुंद्याखाली चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. मी पेन्सिलची रेघ मारली होती. ती घामाने पुसली जाते, पट्टी टिकते. टेबलावर सराव करताना रायफल लाकडावर किंवा विटेवर थेट टेकवू नका, ती उसळते. मध्ये तुमचा तळहात हवाच.

टार्गेटमागे काय आहे ते आधी बघा. जुनी पुस्तकं आणि चिंध्या घट्ट भरलेली लाकडी पेटी चांगली चालते. कठीण फळीवरून छर्रा परत उडतो, म्हणून चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यावर हवा, बघणाऱ्याच्याही. स्टीलच्या गोळ्या कधीच वापरू नका. नळीच्या आतल्या, छऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा खराब होतात आणि गोळी उलटी येते. शिशाच्या छऱ्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवूनच काही खा.

छर्रे घेताना दोन-तीन प्रकारच्या डब्या आणा, ०.५० ते ०.५५ ग्रॅमच्या. कागदासाठी सपाट तोंडाचे, कारण भोक गोल आणि स्वच्छ पडतं. लांब अंतरासाठी गोल डोक्याचे. प्रत्येकाचे पाच-पाच छऱ्यांचे तीन ग्रुप वेगवेगळ्या कागदांवर मारा. ज्यांची भोकं एकमेकांच्या सगळ्यात जवळ पडली ते तुमच्या नळीचे छर्रे, डबी कितीची का असेना. स्कोप लावायचाच असेल तर एअर रायफलसाठी बनवलेला, १० मीटरवर स्पष्ट दिसणारा घ्या. इतर स्कोप मागचा धक्का सोसतात, हा पुढचाही सोसतो.

पहिले दोन-तीनशे छर्रे नवी रायफल थोडा धूर काढेल, आवाजही मोठा येईल. आत राहिलेलं कारखान्याचं तेल दाबाने पेटतं, म्हणून. ते ओसरतं. त्यावर उपाय म्हणून नळीच्या मागच्या भोकात आणखी तेल घालणारे मी पाहिले आहेत. तसं केलं तर धडाका होऊन वॉशर जळतो, स्प्रिंग मोडते. तेल लागतं ते सांध्याला, एक थेंब, आणि बाहेरच्या लोखंडाला पुसण्यापुरतं. कुंद्याचे स्क्रू धक्क्याने ढिले होतात. दर शंभर छऱ्यांनंतर एकदा फिरवून बघा. ग्रुपिंग अचानक बिघडलं तर स्कोपला हात लावायच्या आधी हेच स्क्रू बघा.

पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, फोमच्या पिशवीत रायफल ठेवू नका. फोम ओल धरतो आणि आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके येतात. तेलाच्या फडक्याने पुसून, कॉक न केलेली, कुलूपबंद कपाटात उभी ठेवा. छऱ्यांची डबी दुसऱ्या कुलपात. घामाच्या बोटांचे ठसे सगळ्यात आधी गंजतात, म्हणून शेवटी पुसताना नळीला हात लावू नका, फडक्यानेच धरा.